आर्किटेक्टला भेटण्याआधी चर्चच्या मंडळीने काय ठरवावं

चर्चच्या बांधकाम समितीवर पहिल्यांदाच आला असाल, तर आर्किटेक्टपुढे लगेच एखाद्या देखण्या चर्चचा फोटो ठेवू नका. आधी गरजा कागदावर उतरवा: रविवारी सरासरी किती जण येतात, नाताळला किती, संडे स्कूल कुठे भरतं, बाप्तिस्मा शिंपडून देता की बुडवून. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण बुडवून देत असाल तर हौद, निचरा आणि कपडे बदलायच्या खोल्या पहिल्याच आराखड्यात याव्या लागतात. हौदाचं वजनही धरावं लागतं. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन!

आवाजाबद्दल मात्र हट्ट धरा. प्रवचन स्पष्ट ऐकू यायला घुमणारा आवाज साधारण सेकंदभरात विरावा लागतो. ऑर्गन आणि कॉयरला दोन सेकंद किंवा जास्तच मानवतात. दोन्ही पुरेपूर मिळत नाही. तुमच्या उपासनेत जास्त भर कशावर आहे ते आर्किटेक्टला तुम्हीच सांगायचं, कारण छताची उंची आणि भिंतींचा पृष्ठभाग त्यावरून ठरतो. फार घुमणाऱ्या सभागृहाला नंतर महागडे स्पीकर लावूनही पूर्ण उतारा मिळत नाही.

माती परीक्षण पायाचं डिझाइन ठरण्याआधी करा. अंदाजपत्रकात अचानक येणाऱ्या खर्चासाठी दहा टक्के रक्कम राखून ठेवा. फी, आराखड्यातले बदल, साइटवरच्या भेटी यांचा लेखी करार हवाच. आर्किटेक्ट मंडळीतलाच असेल तर आणखीच हवा. आणि समितीतर्फे त्याच्याशी एकानेच बोलावं. पाळकांचा निरोप वेगळा आणि खजिनदाराचा वेगळा गेला, की आराखडा पुन्हा काढावा लागतो आणि त्याचं बिल मंडळीला येतं.