खोडी, रडी आणि खिलाडूवृत्ती : क्रॉस्बीने ग्लोव्ह ढकलला त्याला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ कॅनडात असतात, घरात सगळेच आईस हॉकी बघतात, आणि सिडनी क्रॉस्बीची ती २०१२ सालची ग्लोव्हची क्लिप परत कुठेतरी समोर आली नि घरात वाद पेटला. मुलगी म्हणते त्यात काय एवढं, खेळात चालतं. हे म्हणतात हा सरळसरळ रडीचा डाव आहे. आणि भारतातून आलेल्या आजोबांनी 'अखिलाडू वृत्ती' असा पेपरातला शब्द काढला. तर या प्रकाराला मराठीत नेमकं काय म्हणायचं, 'खेळाडूवृत्ती' बरोबर का 'खिलाडूवृत्ती', आणि जाता जाता 'ग्लोव्हज टाकले' हे मराठीत कसं सांगायचं, असे तीन प्रश्न त्यांनी विचारलेत.

ज्यांनी ती क्लिप बघितली नसेल त्यांच्यासाठी आधी काय झालं ते सांगतो. तारीख १५ एप्रिल २०१२, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आईस हॉकी लीगच्या स्टॅन्ली कपसाठीच्या प्लेऑफची, म्हणजे बाद फेऱ्यांमधली पहिली फेरी, पिट्सबर्ग पेंग्विन्स विरुद्ध फिलाडेल्फिया फ्लायर्स. दोन्ही शहरं पेन्सिल्व्हेनियाची, राज्याच्या दोन टोकांना, आणि दोन्हीकडच्या लोकांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. पेंग्विन्स पहिल्या दोन मॅच स्वतःच्या घरी हरून फिलाडेल्फियाला आले होते त्यामुळे सगळे आधीच तापलेले. शिट्टी झाल्यावर झोंबाझोंबी झाली, त्यात फ्लायर्सच्या याकुब व्होराचेकचा ग्लोव्ह बर्फावर पडला, तो उचलायला वाकला, आणि तेवढ्यात क्रॉस्बीने आपल्या स्टिकने तो ग्लोव्ह पुढे सरकवून दिला. बस एवढंच. कोणाला लागलं नाही, गोल झाला नाही. पण ढकलणारा कोण होता, तर पेंग्विन्सचा कॅप्टन, २०१० च्या व्हॅंकूव्हर ऑलिम्पिकच्या फायनलला अमेरिकेविरुद्ध ओव्हरटाइममध्ये गोल मारून कॅनडाला सुवर्णपदक मिळवून देणारा माणूस. मॅचनंतर पत्रकारांनी विचारलं तेव्हा त्याने काही लपवलं नाही, त्या टीममधला कोणीच मला आवडत नाही, ग्लोव्ह जवळ होता, ढकलला, अशा अर्थाचं सरळ सांगून टाकलं. ती मॅच फ्लायर्सने ८-४ जिंकली आणि पुढे सिरीजही.

आता शब्दांकडे येऊ.

'रडीचा डाव' हा शब्द आपल्या इतक्या तोंडात बसलाय की खेळात काहीही खटकलं की तोच येतो, पण त्याचा अर्थ खरं तर बराच नेमका आहे. लहानपणीचे खेळ आठवा. लपंडावात धप्पा बसला, राज्य आलं, आणि ज्याच्यावर राज्य आलं तो म्हणतो "मी टाइम प्लीज घेतली होती". किंवा आउट झालेला पोरगा बॅट घेऊन घरी निघून जातो. ही रडी. म्हणजे डाव आपल्यावर उलटला की तो मान्यच करायचा नाही, रडून, भांडून, नियम मध्येच बदलून किंवा डावच मोडून सुटका करून घ्यायची. रडी म्हटली की हार टाळण्यासाठी केलेली लबाडी त्यात असतेच, आणि शब्दातच रडणं आहे. आईस हॉकीत याचं खरं उदाहरण हवं असेल तर जरासा धक्का लागल्यावर गोळी लागल्यासारखं बर्फावर कोसळायचं आणि रेफ्रीकडे बघायचं, हे. त्याला तिकडे दोन मिनिटांची वेगळी पेनल्टी आहे, म्हणजे त्या खेळानेही रडी ओळखून तिला नाव दिलंय.

क्रॉस्बीने ग्लोव्ह ढकलला त्यात यातलं काही नाही. त्याला त्यातून काही मिळणार नव्हतं, खेळ थांबलेला होता, कुठला निर्णय त्याने नाकारला नाही, आणि विचारल्यावर कबूलही केलं. रडी करणारा कधी कबूल करत नाही. मग 'रडीचा डाव' तोंडात का आला? माझ्या मते त्याचं कारण दुसरीकडे आहे. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक क्रॉस्बीला वर्षानुवर्षं रडका म्हणून चिडवत आलेत, तो रेफ्रीकडे फार तक्रारी करतो असं त्यांचं म्हणणं. तर माणसाला चिकटलेलं 'रड्या' हे विशेषण त्याच्या या कृतीवर सांडलं. माणूस रड्या आहे का यावर हवं तेवढं भांडा, पण ही कृती रडीची नाही.

हिला शब्द आहे 'खोडी'. खोडी काढली. हा शब्द इथे इतका चपखल आहे की दुसरा शोधायची गरजच नाही. खोडीत फायदा नसतो, समोरच्याला डिवचणं हाच तिचा हेतू. ती छोटी असते, मुद्दाम केलेली असते, आणि ज्याची काढली त्याने चिडावं अशी अपेक्षा असते. वाकलेल्या माणसाच्या हाताशी आलेली वस्तू शेवटच्या क्षणी सरकवणे याहून शुद्ध खोडी कुठली असणार. शिवाय खोडीचा परिणामही तिथे झालाच, त्यानंतर लगेच परत झोंबाझोंबी झाली. अशी खोडी भांडण उकरून काढायच्या हिशोबाने केली असेल तर तिला 'कुरापत' म्हणायचं, ती एक पायरी वर. इथे खोडी का कुरापत यावर दोन मतं होऊ शकतात, मी खोडीच म्हणेन कारण भांडण आधीच चालू होतं, त्याने ते उकरून काढलं नाही.

आता हे शब्द वेगवेगळे ठेवणं मला एवढं महत्त्वाचं का वाटतं ते सांगतो. या खेळात खटकण्यासारख्या गोष्टी इतक्या वेगवेगळ्या जातीच्या घडल्यात की सगळ्यांना 'अखिलाडू वृत्ती' एवढं एकच लेबल लावलं तर कोणावरच न्याय होत नाही. १३ एप्रिल २००८ ला न्यूयॉर्क रेंजर्सचा शॉन एव्हरी न्यू जर्सी डेव्हिल्सचा गोलकीपर मार्टिन ब्रोडूरच्या समोर, खेळाकडे चक्क पाठ करून, त्याच्या तोंडासमोर हात आणि स्टिक हलवत उभा राहिला. नियमांच्या पुस्तकात याला अडवणारं काही स्पष्ट नव्हतं, कारण असं कोणी करेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी लीगने जाहीर केलं की असं केलं तर यापुढे पेनल्टी. याला मराठीत शब्द 'माकडचेष्टा', अगदी हातवाऱ्यांसकट. २०१८ च्या प्लेऑफमध्ये बॉस्टनच्या ब्रॅड मार्शांडने प्रतिस्पर्ध्यांचं तोंड चाटलं, एकदा टोरांटोच्या लिओ कोमारोव्हचं आणि नंतर टॅम्पाच्या रायन कॅलाहनचं, मग लीगने त्याला हे बंद कर म्हणून सांगितलं. हा 'आचरटपणा', आणि किळसवाणा. आणि ८ मार्च २००४ ला व्हॅंकूव्हरच्या टॉड बर्टुझीने कोलोराडोच्या स्टीव्ह मूरला मागून ठोसा मारून बर्फावर आपटलं, मूरच्या मानेचे मणके मोडले आणि तो परत कधीही एनएचएलमध्ये खेळू शकला नाही. हा हल्ला आहे, तोही मागून केलेला, म्हणजे 'भ्याड' हल्ला, आणि याच्याबद्दल खिलाडूवृत्ती हा शब्द काढणंसुद्धा मला मूरचा अपमान वाटतो. खिलाडूवृत्तीची चर्चा खेळाच्या आत चालते, ते खेळाच्या बाहेरचं होतं.

पेपरातला 'अखिलाडू वृत्ती' आपल्याकडे मुख्यतः क्रिकेटमुळे रुळला असं मला वाटतं. तिथे तो शोभतो कारण तिथले गाजलेले वाद 'नियमात बसतं पण करू नये' या जातीचे. १ फेब्रुवारी १९८१ ला मेलबर्नला न्यूझीलंडला टाय करायला शेवटच्या बॉलवर सहा हवे होते आणि ट्रेव्हर चॅपलने भावाच्या, म्हणजे कॅप्टन ग्रेग चॅपलच्या सांगण्यावरून बॉल सरपटत टाकला. नियमाने तेव्हा चालत होतं. तरी लोक अजून विसरलेले नाहीत. त्याला अखिलाडू म्हणा, बरोबर आहे, कारण तिथे समोरच्याला खेळायची संधीच नाकारली.

दुसरा प्रश्न, खेळाडू का खिलाडू. दोन्ही खेळ या एकाच कुळातले पण कामं वेगळी. 'खेळाडू' हे आज नाम आहे, खेळणारा माणूस, जिंकणारा, हरणारा, चांगला, वाईट, कसाही. 'खिलाडू' हे विशेषण, मोकळ्या मनाचा, लावून न घेणारा. त्यामुळे 'खेळाडूवृत्ती' म्हटलं तर तो नुसता खेळणाऱ्याचा स्वभाव होतो, आणि खेळणाऱ्यांचे स्वभाव सगळे चांगले थोडेच असतात. 'खिलाडूवृत्ती' म्हटलं की गुण आलाच. लोक खेळाडूवृत्तीही लिहितात, अर्थ कळतो, मी लाल पेन घेऊन धावणार नाही, पण निवडायचं असेल तर खिलाडूवृत्ती निवडा.

आणि या शब्दाबरोबर क्रियापदं कुठली येतात ते बघा, मला ही त्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. पराभव खिलाडूवृत्तीने स्वीकारला. टीका खिलाडूपणे घेतली. घेणे, स्वीकारणे, मान्य करणे. म्हणजे आपल्याकडे खिलाडूवृत्ती ही मुख्यतः जे वाट्याला आलं ते कसं घेतलं याची आहे, आपण दुसऱ्याला काय केलं याची नंतर. आईस हॉकीत याच्याशी तंतोतंत जुळणारी प्रथा आहे, प्लेऑफची सिरीज संपली की दोन्ही टीम रांगेत उभ्या राहतात आणि प्रत्येक जण समोरच्या प्रत्येकाशी हात मिळवतो, मग आधीचे दोन आठवडे एकमेकांचे दात पाडलेले का असेनात. २००८ ला त्याच रांगेत ब्रोडूरने एव्हरीशी हात मिळवला नाही. तर तुमच्या घरच्या वादासाठी हा खरा प्रश्न घ्या, तिथे अखिलाडू कोण, माकडचेष्टा करणारा का त्याबद्दल अढी धरणारा? मराठी शब्दाच्या अंगाने गेलं तर उणीव ब्रोडूरकडे दिसते, आणि तरी मला स्वतःला ब्रोडूरचा राग समजतो, मी त्याला दोष देणार नाही. खिलाडूवृत्तीची अपेक्षा ज्याच्यावर बेतलंय त्याच्याकडूनच करत राहायची आणि करणाऱ्याला मोकळं सोडायचं हे काही बरं नाही. त्यासाठीच करणाऱ्याच्या कृतीला तिचं स्वतःचं नाव पाहिजे.

मग क्रॉस्बीवर एवढी चर्चा का झाली, खोडीच तर होती? इथे आपलं एक क्रियापद फार कामाला येतं, 'शोभणं'. त्याला शोभलं नाही. यात काय केलं याच्याइतकंच कोणी केलं हेही वजन करून येतं. एखाद्या चौथ्या फळीतल्या, मारामारीसाठीच ठेवलेल्या खेळाडूने तोच ग्लोव्ह ढकलला असता तर कोणी क्लिपही जपून ठेवली नसती. पिट्सबर्गचे चाहते म्हणतात की त्याला प्रत्येक मॅचमध्ये मुद्दाम टोचलं जातं, २०११ च्या सुरुवातीला डोक्याला मार बसून तो कित्येक महिने खेळू शकला नव्हता, एवढं सोसल्यावर माणूस एखादा ग्लोव्ह ढकलणारच. हे मला पटतं. फिलाडेल्फियाचे म्हणतात की लीगचा चेहरा म्हणून मिरवतो तर वागणंही तसं पाहिजे. हेही पटतं. दोघं वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत, एक जण सांगतोय गुन्हा केवढा, दुसरा सांगतोय करणारा केवढा. म्हणून मी असं वाक्य सुचवेन: क्रॉस्बीने खोडी काढली, ती कॅप्टनला शोभली नाही. यात तुमच्या मुलीचंही म्हणणं राहतं आणि तुमचंही, फक्त रडीचा डाव काढून टाका. आजोबांनाही सांगा की शब्द चुकीचा नाही, या घटनेला मोठा होतो एवढंच.

तिसरा प्रश्न. 'ग्लोव्हज टाकले' म्हणजे तिकडे मारामारीला उभे राहिले, कारण ते जाड ग्लोव्हज घालून ठोसा देता येत नाही. मराठीत 'हातमोजे काढले' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल थंडी कमी झाली. आपल्याकडे त्या जागी 'बाह्या सरसावल्या' आहे, लेख लिहायचा असेल तर तो वापरा. पण बर्फावर खरेच ग्लोव्हज पडलेले दिसतायत असं वर्णन करायचं असेल तर 'ग्लोव्हज फेकून भिडले' असं सरळ लिहावं, आणि 'ग्लोव्ह' बदलून 'हातमोजा' करायच्या फंदात पडू नये, विकेटकीपरच्या हातातल्याला आपण ग्लोव्हजच म्हणतो. व्होराचेकच्या बाबतीत मात्र दोन्ही लिहू नका, त्याने ग्लोव्ह टाकला नव्हता, झोंबाझोंबीत त्याच्या हातातून पडला होता.