बूट कुठे संपतो, ते आधी बघा

थंडी पडली की या सदराकडे येणारी पत्रं चपला-सँडलवरून घोट्याच्या वर सरकतात. या वेळी बहुतेक पत्रं बुटांचीच आहेत. माझी उमेदीची वर्षं पादत्राणांच्या कारखान्यात पॅटर्न कापण्यात गेली. त्यामुळे बूट बघताना माझी नजर आधी पायावर जाते, मग बूट जिथे संपतो त्या कडेवर, आणि रंगावर सगळ्यात शेवटी. उत्तरंही त्याच क्रमाने सुचतात.

प्रश्न : ताई, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत आम्ही मैत्रिणी नऊवारी नेसून बुलेट चालवणार आहोत. सगळ्या कोल्हापुरी घालायची म्हणतात. मला बूट घालावेसे वाटतात, पण नऊवारीखाली ते बंदोबस्तावरच्या पोलिसांसारखे तर दिसणार नाहीत ना? – ऋ. जो., डोंबिवली

बूटच घाल, आणि मैत्रिणींनाही घालायला लाव. कोल्हापुरीवर माझा जीव आहे, पण बुलेटवर तिचं काम नाही. तिचा तळ चामड्याचा आणि टाच मोकळी. फूटरेस्टवरून ती सटकते आणि गर्दीत पाय टेकवायची वेळ आली की नेमकी निघते. शोभायात्रेत गाडी चालणाऱ्या माणसांच्या वेगाने पुढे सरकते, त्यामुळे पाय सारखा जमिनीवर येतो आणि उजवीकडचा सायलेन्सर चांगलाच तापतो. उघड्या घोट्याला त्याचा एकदा चटका बसला की सण तिथेच संपला.

बूट घोट्याच्या हाडाच्या वर तीन-चार बोटं जाणारा घे. टाच रुंद आणि इंच-दीड इंचाची असू दे. पुढचा भाग फार जाड नको, कारण डावा पाय गिअरच्या दांडीखाली सहज गेला पाहिजे. दुकानात बूट घालून बघतेस, तसा तो खाली पार्किंगमध्ये गाडीवर बसूनही बघ. लेस असेल तर गाठ मारून टोकं बुटात खोच.

आता दिसण्याचं. बूट पोलिसी दिसतो तो काठामुळे. नऊवारीचा काठ बुटाच्या कडेवर चुरगळून बसला की पाय आखूड आणि जड दिसतो. नेसतानाच काठ बुटाच्या कडेच्या दोन बोटं वर ठेव. मधली पट्टी मोकळी राहू दे किंवा तिथे लुगड्याच्या रंगाचा मोजा दिसू दे. हिरव्या, जांभळ्या, चिंतामणी रंगाला टॅन बूट फार शोभतो, जरीच्या काठाशी त्याचं जमतं. काळा बूट काळ्या किंवा अगदी गडद काठाखालीच घाल.

पैंजण त्या दिवशी घरी ठेव, बुटाच्या कडेत अडकून कातडी सोलतं. तुमच्यातल्या ज्या जोडवी घालतात त्यांनी निमुळत्या टोकाचा बूट घेऊच नये. शेजारच्या बोटात जोडवं रुततं आणि तासाभरात फोड येतो. गोल, रुंद टोकच हवं. आणि बूट आत्ताच घेऊन ठेव. रोज संध्याकाळी थोडा वेळ घरात घालून चाललीस की पाडव्यापर्यंत चामडं तुझ्या पायाचं झालेलं असेल.

प्रश्न : वय ४६. ऑफिससाठी काळे चेल्सी बूट घेतले, पण चालताना पँट बुटाच्या मागे अडकते. मुलीच्या साखरपुड्यात बंदगळ्यावर हेच बूट चालतील का? – अ. कु., पुणे

पँट अडकते हा दोष बुटाचा नाही, शिलाईचा आहे. चेल्सी म्हणजे बाजूला इलास्टिक असलेला बूट; लंडनच्या जोसेफ स्पार्क्स हॉल या बूटकाराने १८५१ मध्ये अशा बुटाचं पेटंट घेतलं. लेस नाही, बक्कल नाही, त्यामुळे पँटखाली एक सलग रेघ मिळते. पण हल्लीच्या निमुळत्या पँटचा बॉटम तेरा-चौदा इंचांचा असतो आणि बुटाचा वरचा भाग त्यात मावत नाही. तुमच्या पँटचा बॉटम पंधरा-सोळा इंच हवा. टेलरकडे हेच बूट घालून जा आणि उंची उभ्याने घ्यायला सांगा. समोर एकच हलकी चुणी पडावी आणि मागून पँट टाचेच्या वरच्या कडेपर्यंत यावी. पँट सुळसुळीत कापडाची आणि मोजे पोटरीपर्यंतचे असतील तर अडकण्याची तक्रार उरणार नाही.

बंदगळ्यावर खुशाल घाला. गुळगुळीत चामडं, पॉलिश आदल्या रात्री, बेल्ट त्याच रंगाचा. पण चुडीदार किंवा शेरवानी ठरली तर मोजडीच. विधींना बसताना पायातलं काढावं लागतं, तेव्हा चेल्सी लेसच्या बुटापेक्षा सोयीचा पडतो. घालताना मात्र मागची पट्टी जोरात ओढू नका, शूहॉर्न वापरा. इलास्टिक सैल पडलंच तर चांगला कारागीर ते उसवून नवं बसवून देतो, बूट टाकू नका.

प्रश्न : मुलाने तीन वर्षांपूर्वी परदेशातून महागडे बूट आणले. जपून पेटीत ठेवले होते, वापर जेमतेम दोनदा. परवा पुतण्याच्या लग्नात घातले, तर मांडवात पोचेपर्यंत तळ शिळ्या भाकरीसारखा तुटून पडला. कंपनीने फसवलं का? – म. सा., रत्नागिरी

तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. अशा तक्रारी मी कोकणातून आणि मुंबईतून कायम ऐकत आले आहे. फसवणूक म्हणता येणार नाही, पण विकताना हे कुणी सांगत नाही हे खरं.

तो तळ पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा असणार. हलका, मऊ, चालायला सुखाचा, म्हणून अनेक चांगल्या कंपन्या तो वापरतात. पण हवेतला ओलावा त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत राहतो. या क्रियेला हायड्रोलिसिस म्हणतात. बूट पायात असो की पेटीत, ती थांबत नाही. उलट दमट हवेत, बंद पेटीत, वापराविना पडलेल्या बुटात ओलावा साचून राहतो आणि तळ आतून कुजतो. वरून काहीच दिसत नाही. मग एके दिवशी वजन पडलं की भुगा. म्हणजे तुम्ही जपलेत हेच त्या बुटाला बाधलं.

वरचं चामडं शाबूत असेल तर बूट वाचेल. उरलेला पीयू पूर्ण खरवडून काढून रबराचा नवा तळ चिकटवून घ्या आणि कडेने शिवून घ्या. नुसत्या चिकटवण्यावर समाधान मानू नका, कोकणच्या पावसात ते टिकणार नाही.

पुढच्या वेळी दुकानात एकच प्रश्न विचारा: तळ कशाचा आहे? किनारपट्टीवर राहणाऱ्याने रबर किंवा टीपीआर (रबरासारखं लवचीक प्लॅस्टिक) मागावा. पीयू घ्यायचाच असेल तर रोजच्या वापरासाठी घ्यावा, ठेवणीतला म्हणून नव्हे. वरच्या भागाचंही बघा. ‘पीयू लेदर’ लिहिलेलं असतं ते कापडावर चढवलेलं प्लॅस्टिक. दमट हवेत त्याचे पापुद्रे निघतात आणि त्यावर कोणतंही पॉलिश लागू पडत नाही.

ठेवणीतले बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, ते पावसाळ्यात आठवड्याला बदला, आणि बूट सुती पिशवीत, हवा खेळेल अशा जागी ठेवा. पंधरवड्यातून एकदा घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन या. बुरशी दिसली तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, पंख्याखाली वाळवा, मग क्रीम लावा. कडक उन्हात ठेवलंत तर चामड्याला भेगा पडतील. डांबराच्या गोळ्यांनी कीड पळते, ओलावा नाही.

प्रश्न : सून म्हणून इथली पहिलीच संक्रांत. मंडळाच्या हळदीकुंकवाला काळी साडी नेसणार आहे. बाहेर बर्फ, रस्त्यावर मीठ. साडीखाली बूट कसे घालू? – प्रा. भि., टोरांटो

काळ्या साडीखाली काळे बूट, याहून सोपी जोडी नाही. घोट्याला घट्ट बसणारे, बाजूला चेन असलेले अँकल बूट घे. वरून रुंद असलेल्या बुटावर परकर अडकतो आणि निऱ्या पुढे फुगतात. साडी बूट घालूनच नेस, म्हणजे टाचेची उंची निऱ्यांत धरली जाईल. गाडीतून उतरताना निऱ्या आणि परकर एकत्र उचलून धर. फॉलला मीठ-पाणी लागलं की काठ कडक होतो.

चेन म्हणते ते आणखी एका कारणाने. हळदीकुंकू कुणाच्या घरी असेल तर बूट दारात काढावे लागतील आणि एका हातात वाणाची पिशवी असेल. आठ भोकांची लेस तिथे उलगडत बसवत नाही. दारात काढल्यावर पाय उघडे दिसणार, म्हणून मोजेही काळे आणि धड असलेले घाल. हॉलमधला कार्यक्रम असेल तर पिशवीत सपाट चपला ने.

घरी आल्यावर बुटावर मिठाचे पांढरे डाग दिसतील. एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग पाणी एकत्र करून, त्यात फडकं भिजवून घट्ट पिळ आणि त्याच रात्री डाग पूस. वाळल्यावर क्रीम लाव. हीटरजवळ मात्र वाळवू नकोस.

प्रश्न : कॉलेजला जातो, एकच जोड परवडतो. जीन्सवर सगळीकडे चालेल असा सांगा. ऑनलाइन मागवला की लांबी बरोबर येते, पण चवड्याला आवळतो. – स. ग., नाशिक

घोट्यापर्यंतचे, दोन-तीन भोकांचे डेझर्ट बूट घे, गडद तपकिरी. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात असताना नेथन क्लार्क यांनी सुट्टीवरच्या अधिकाऱ्यांच्या पायात कैरोच्या बाजारातले असे बूट पाहिले, आणि त्यावरून काढलेला जोड १९५० मध्ये विकायला आला. जीन्स, कार्गो, खादीचा कुर्ता, सगळ्यावर जातो. जीन्स खाली एकदाच दुमड, कड बुटाला टेकली की पुरे. मूळ बुटाचा क्रेपचा, म्हणजे कच्च्या रबराचा, तळ ओल्या फरशीवर घसरतो, म्हणून तू पक्क्या रबराचा बघ. स्वेड, म्हणजे मखमली पोताचं चामडंही नको, पावसाळ्यात सांभाळता येणार नाही.

मापाचं म्हणशील, तर आपल्याकडे अनेकांचा पंजा पुढे रुंद असतो आणि बाजारातले साचे बहुतेक युरोपीय मापांवर बेतलेले. एक युके नंबर वाढवलास तर लांबी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास वाढते, रुंदी त्या मानाने थोडीच, आणि टाच सुटते. नंबर वाढवू नकोस, रुंद फिटिंग शोध. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभा राहून दोन्ही पायांची रेघ काढ आणि मोठ्या पायाचं माप धर.

प्रश्न : बाबा ७१ वर्षांचे, मधुमेह आहे, पायाला संवेदना कमी. जानेवारीत गुलमर्गला नेतोय. तिथे गमबूट भाड्याने मिळतात, ते पुरेसे आहेत का? – वै. शि., सातारा

भाड्याचे गमबूट बाबांना देऊ नका. ते रबरी असतात, आत ऊब नसते, मापं अंदाजे मिळतात आणि आधीच्या माणसाचा ओलावा आत राहिलेला असू शकतो. बाबांना चावलेलं कळणार नाही, गारठलेलंही कळणार नाही.

इथूनच आत लोकर असलेले, पाणी न शिरणारे, गोल आणि खोल टोकाचे बूट घ्या. खरेदीला जाताना लोकरी मोजे बरोबर न्या आणि ते घालूनच माप बघा. बोटं आत हलली पाहिजेत. वेलक्रो असेल तर उत्तम, पाय सुजला तर सैल करता येतो. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा पाय दाखवा.

तिथे रोज सकाळी बूट घालण्याआधी तुम्ही स्वतः आत हात घालून खडा, दुमडलेला मोजा, उसवलेली शिवण आहे का ते बघा. रात्री मोजे काढल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात तपासा. पाय गार लागले म्हणून शेगडीजवळ किंवा गरम पाण्यात ठेवू देऊ नका, भाजलेलंही त्यांना समजणार नाही. कोरडे लोकरी मोजे चढवा आणि वर पांघरूण घाला. कुठे लाली किंवा फोड दिसला तर दुसऱ्या दिवशी बर्फात न जाता डॉक्टर गाठा.