मिरवेलाचा पहिला उन्हाळा

प्रश्न : गेल्या जुलैत पोफळींच्या बुडाशी पन्नियूर-1 मिरीची मुळं फुटलेली चाळीस रोपं लावली. दिवाळीपर्यंत जोमात होती. मार्चपासून रोज संध्याकाळी तांब्या-तांब्याने पाणी घालूनही मेअखेर निम्मी वाळली. उरलेली कशी वाचवावी?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : आधी वेल खरंच मेला आहे का ते बघा. बुडाजवळ नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर जमिनीपासून दोन-तीन पेरं ठेवून वरचं कापा. पाऊस लागला की पेरांतून फूट येते. मग बोटाने माती उकरून मूळ पाहा. तपकिरी आणि चुरा होणारं मूळ म्हणजे पाण्याचा ताण. काळं, मऊ, कुबट वासाचं असेल तर कूज. दोन्हींत पानं सारखीच पिवळी पडतात, त्यामुळे नुसती पानं बघून पाणी वाढवू नका.

तुमच्याकडे ताणच असावा, आणि त्याला रोजचा तांब्याच कारण आहे. तांब्याभर पाण्याने वरची दोन बोटं माती भिजते, म्हणून मुळंही तिथेच राहतात. जांभ्याची माती पाणी धरत नाही आणि दुपारी तव्यासारखी तापते. त्यापेक्षा चार-पाच दिवसांनी एकदाच, पण वेलामागे आठ-दहा लिटर पाणी सावकाश जिरवा. पुढचं पाणी देण्याआधी आळ्यात बोट घालावं. दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर एक दिवस थांबावं.

खरी तयारी मात्र नोव्हेंबरात, जमिनीत पावसाची ओल असतानाच करायची. सुकलेली माती फेब्रुवारीत झाकून उपयोग थोडा. आळ्यात शेणखत, त्यावर नारळाची भिजवलेली सोडणं पाठ वर करून, आणि वर वीतभर पालापाचोळा. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर बुडाशी वाळवी चढते. पाला दबून बसतो, तेव्हा मार्चमध्ये पुन्हा भर घाला.

सावलीचं गणित थोडं वेगळं आहे. मिरवेल आधाराच्या ईशान्येला लावतात, कारण फेब्रुवारी-एप्रिलचं तिरपं दुपारचं ऊन नैऋत्येकडून येतं आणि ते पोफळीचं खोड अडवतं. पण मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा खोडाची सावली पुरत नाही. म्हणून मार्चपासूनच पश्चिमेकडून, वेलाच्या शेंड्यावर येईल असा नारळाच्या झावळीचा एक झाप तिरका टेकवून ठेवावा. पन्नियूर-1 ही उजेड मागणारी जात आहे, त्यामुळे पहिला पाऊस पडला की झाप काढायचा. तो तसाच राहिला तर वेल उंच जातो, फांद्या धरत नाही.

कोरड्या दिवसांत पेरांची मुळं पोफळीच्या गुळगुळीत खोडाला चिकटत नाहीत, आणि वाऱ्याने वेल सुटून पडतो. दर दोन-तीन पेरांवर सुंभाने सैलसर बांधा. नायलॉनची दोरी नको, वेल जाड झाला की ती सालीत रुतते.

प्रश्न : आमचे वेल उन्हाळ्यात तगले, पण ऑगस्टमध्ये पानांवर काळे डाग पडून आठ-पंधरा दिवसांत मेले.
– एक वाचक, राजापूर

उत्तर : वर्णनावरून ही जलद मर वाटते. तिच्या बुरशीला साचलेलं पाणी आवडतं. उन्हाळ्यात जीव वाचवणारं आच्छादन पावसाच्या तोंडावर बुडापासून हात-दीड हात मागे ओढलं पाहिजे, आणि आळं मोडून बुडाला मातीची भर दिली पाहिजे. उन्हाळ्यातलं आळं तसंच राहिलं तर पावसात त्याचं डबकं होतं.

शिवाय पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या उघडीपीत 1 टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारा. 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात, 1 किलो कळीचा चुना वेगळ्या 50 लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत. चुन्याचं दुधाळ पाणी गाळा आणि ढवळत ढवळत मोरचूदाचं पाणी त्यात ओता. धार लावलेली लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला; न घालता फवारलंत तर कोवळी पानं करपतील. मिश्रण त्याच दिवशी संपवा. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी घालणार असाल तर बोर्डोनंतर किमान पंधरा दिवस जाऊ द्या, मोरचूदातल्या तांब्याने तीही मरते.

मेलेला वेल मुळांसकट उपटून जाळा. त्या जागी लगेच नवा लावू नका.

प्रश्न : हापूसच्या कलमांवर मिरी चढवावी का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : वेल चढेल, पण आम्ही नको म्हणू. मिरीचे घोस पक्व होत असतात त्याच दिवसांत मोहोरावर तुडतुड्यांसाठी फवारण्या चालू असतात, आणि ते औषध थेट घोसांवर बसतं. बांधावर गिरीपुष्पाचे (ग्लिरिसिडियाचे) खुंट लावून त्यांच्यावर मिरी चढवा.