विहिणीचे पाय आणि पिवळं नख

प्रश्न : डॉक्टरबाई, माझं वय 54. आम्ही संगमेश्वर तालुक्यातले, घरची भातशेती आहे. तीन वर्षांपूर्वी लावणी झाल्यावर उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख कडेनं पिवळं पडलं. आता दोन भाग नख जाड आणि भुसभुशीत झालंय, एकच भाग चांगला उरलाय. डाव्या पायाच्या जोडव्याच्या बोटाचं नखही पांढुरकं दिसू लागलंय. औषधाच्या दुकानातून ट्यूब आणून सहा महिने लावली, काही उपयोग नाही. पुण्याची भाची म्हणते लेझर कर, सहा सिटिंग, एकेकाचे चार हजार. इथले डॉक्टर तीन महिन्यांच्या गोळ्या घ्या म्हणाले, पण जाऊबाई म्हणतात त्या गोळ्यांनी लिव्हर जातं. मला सात वर्षांपासून साखर आहे, बीपी आहे. चालू गोळ्यांची यादी सोबत पाठवते. डिसेंबरात मुलाचं लग्न आहे. आमच्यात विहिणीचे पाय धुतात. चारचौघांत हा पाय परातीत कसा ठेवू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी शेवटाकडून वाचलं. आधी गोळ्यांची यादी, मग नख. यादीत चार नावं आहेत. साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, कोलेस्टेरॉलसाठी अॅटॉर्व्हास्टॅटिन, बीपीसाठी मेटोप्रोलॉल. ही मंडळी पुढे जागोजागी आडवी येणार आहेत.

डिसेंबरचं आधीच सांगून टाकते. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, वय वाढलं की त्याहूनही सावकाश. आत्ता श्रावण चालू आहे. आज उपचार सुरू केला तरी लग्नापर्यंत मुळाशी पाचेक मिलिमीटर चांगलं नख दिसेल आणि त्याच्या पुढे पिवळं तसंच असेल. बिघडलेलं नख दुरुस्त होत नाही, मागून नवं येतं आणि जुनं पुढे सरकतं, तसतसं आपण ते कापत जायचं. पूर्ण अंगठा बदलायला वर्ष ते दीड वर्ष. तेव्हा लग्नाला खुशाल नेलपॉलिश लावा आणि दोन दिवसांनी पुसून टाका. पाय धुणाऱ्यांचा जीव मानपानात काही चुकत तर नाही ना, यातच अडकलेला असतो. मी परातीच्या दोन्ही बाजूंना बसलेय, म्हणून सांगते.

आता मला पडलेला प्रश्न. नखात बुरशीच आहे, हे कुणी ठरवलं? तुमच्या पत्रात ट्यूब आहे, लेझर आहे, गोळ्या आहेत, जाऊबाई आहेत, पण तपासणीचा शब्द नाही. जाड, पिवळी, वेडीवाकडी झालेली पायाची जी नखं आमच्याकडे येतात, त्यांतल्या साधारण निम्म्यांतच बुरशी निघते. बाकीच्यांत सोरायसिस हा खवले धरणारा कातडीचा आजार असतो, चपलेचा किंवा बुटाचा रोजचा मार असतो, कधी नुसतं वय असतं. दवाखाना टाकल्यावर पहिल्याच वर्षी एका मास्तरांना मी नख बघून, तपासणी न करता, तीन महिने गोळ्या दिल्या होत्या. नख जसंच्या तसं. चौथ्या महिन्यात ते टेबलावर पैसे मोजत होते, तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हाताच्या नखांकडे गेलं. टाचणीनं टोचावेत तसे बारीक खड्डे. सोरायसिस! तीन महिने मी त्यांच्या पायाकडेच बघत बसले होते. तेव्हापासून पायाचं नख दाखवायला आलेल्या माणसाला मी आधी हात पुढे करायला लावते.

तपासणी साधी आहे. नखाचा सुटलेला भाग कापून, चांगलं नख जिथे सुरू होतं तिथपर्यंत आत जाऊन, खालचा भुगा खरवडून घेतात. टोकाकडचा भुगा उपयोगाचा नाही, तिथे मेलेली बुरशी असते. भुग्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घातलं की नख विरघळतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसतात. जात कळायला कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघणं, लागतं, त्याला तीन-चार आठवडे जातात. ट्यूब आधी दोन-तीन आठवडे बंद ठेवा, नाहीतर बुरशी असूनही रिपोर्ट कोरा येतो. तसाही तो कधीकधी खोटा कोरा येतो, मग दुसऱ्यांदा नमुना द्यायचा किंवा नखाचा तुकडा पॅथॉलॉजीत पाठवून रंगवून बघायचा. लेझरच्या एका सिटिंगच्या पैशांत ही पहिली तपासणी कितीतरी वेळा होईल.

बुरशी निघाली असं धरून पुढे जाऊ. तीन वर्षं चिखलात उभ्या राहिलेल्या पायाचं वर्णन वाचून मलाही तीच शंका आहे. बहुधा दर पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होत असतील आणि तिथूनच ती नखाखाली शिरली असेल.

ट्यूब चालली नाही यात नवल नाही. मलम कातडीसाठी असतं, नखाची ढाल त्याला भेदता येत नाही. नखात उतरावी म्हणून लाखेसारखी बसणारी वेगळी औषधं आहेत. अॅमोरोल्फिन आठवड्यातून एकदा, घासून घेतलेल्या नखावर, नऊ महिने ते वर्षभर. सायक्लोपिरॉक्स रोज. नख निम्म्याहून कमी बिघडलं असेल, मूळ शाबूत असेल आणि जाडी फार नसेल, तर मी यांनीच सुरुवात करते. पण आकडे ऐका. सायक्लोपिरॉक्स 48 आठवडे रोज लावल्यावर नख पूर्ण स्वच्छ आणि तपासणीही कोरी, असं शंभरात सहा ते आठ जणांचं झालं. एफिनाकोनॅझोल हे त्याहून नवं द्रावण, त्यात पंधरा ते अठरा जणांचं. तुमच्या जोडव्याच्या बोटाला लाख पुरेल. अंगठ्याला नाही पुरणार.

गोळ्यांत पहिलं नाव टर्बिनाफिन. रोज 250 मिलिग्रॅमची एक, बारा आठवडे. त्यानंतर थांबून वाट बघायची, कारण औषध नखात महिनोन् महिने टिकतं. चाचण्यांत शंभरातल्या सत्तर जणांची बुरशी गेली, पण नखही दिसायला पूर्ण चांगलं झालं ते 38 जणांचंच. इट्राकोनॅझोल या दुसऱ्या गोळीचे हेच आकडे 54 आणि 14. दुसरा आकडा ऐकून लोक नाराज होतात. बुरशी गेली तरी वर्षानुवर्षं उचललं गेलेलं नख कधीकधी पुन्हा नीट बसत नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगते, म्हणजे नंतर भांडण नको. मी शिकत होते तेव्हा याच नखाला ग्रिसिओफल्विन वर्ष-दीड वर्ष द्यावं लागायचं आणि तरीही हाती फारसं लागायचं नाही.

आता तुमचा गोळ्यांचा डबा उघडू. इट्राकोनॅझोलनं रक्तातलं अॅटॉर्व्हास्टॅटिन वाढतं आणि स्नायूंना धोका होतो. शिवाय हृदय कमकुवत असेल तर नखासाठी ते देतच नाहीत. आठवड्यातून एकदा घ्यायचं फ्लुकोनॅझोल सोपं वाटतं, पण ते ग्लिमेपिराइडचा जोर वाढवतं. एखाद्या दुपारी जेवायला उशीर झाला आणि शेतात साखर उतरली, तर काय घ्याल? टर्बिनाफिनचं तुमच्या मेटोप्रोलॉलशी थोडं वाकडं आहे, नाडी मंद होऊ शकते. पण नाडी मोजता येते, आणि बीपीच्या डॉक्टरांना विचारून मात्रा बदलता येते. तिघांत मला हेच परवडणारं वाटतं.

जाऊबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. टर्बिनाफिननं लिव्हरला इजा होते, ती क्वचित होते, पण झाली तर गंभीर असू शकते. म्हणून गोळ्यांच्या आधी लिव्हरची रक्ततपासणी, आणि मी सहा आठवड्यांनी पुन्हा करून घेते. लिव्हरचा जुना आजार असेल तर गोळी नाहीच. सात वर्षांची साखर आहे म्हणून क्रिएटिनिनही बघायचं, किडनीचं काम निम्म्यावर आलेलं असेल तरी ही गोळी टाळतात. भूक मेली, लघवी चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी गोळी बंद करून दवाखाना गाठायचा. आणखी एक, जे दुकानदार सांगत नाही. काहींची चव जाते. माझ्याकडच्या एक बाई खाणावळ चालवायच्या. दुसऱ्या महिन्यात आमटी अळणी झालीय की खारट, हे त्यांना कळेना, गिऱ्हाईकच बोलायला लागलं. गोळी बंद केल्यावर चव परत आली, पण यायला दोन महिने गेले. लग्नघरात तुमच्या हातचं कुणी खाणार असेल, तर गोळ्या लग्नानंतर सुरू केल्या तरी बिघडत नाही. तीन वर्षं थांबलेलं नख तीन महिने थांबेल. तोवर तपासण्या उरकून घ्या आणि चिखल्यांवर इलाज करा.

लेझरबद्दल भाचीला एवढंच सांगा. अमेरिकेतल्या एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्यानं, या यंत्रांना मान्यता दिली ती ‘नखाचा स्वच्छ भाग तात्पुरता वाढवण्यासाठी’, बुरशी बरी करण्यासाठी नाही. चोवीस हजारांत तात्पुरता हा शब्द मला महाग वाटतो. व्हिनेगर आणि हळदीवर मी वेळ घालवत नाही. मेंथॉल-कापराच्या बामावर मात्र एकदा 18 जणांचा छोटा अभ्यास झाला होता, त्यातले पाच बरे झाले. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि अठरा माणसं म्हणजे एका जीपमधली वऱ्हाडी मंडळी. लावायचाच असेल तर लावा, नुकसान नाही, फक्त कातडी फाटलेली असेल तिथे नको.

साखर आहे म्हणून तुमचं नख दुर्लक्ष करण्यासारखं नाही, हेही तितकंच खरं. जाड नख शेजारच्या बोटाला टोचतं, जखम होते, आणि पाय बधिर असेल तर ती कळतही नाही. ब्लेडनं नख कोरू नका. शेकायचं पाणी पायानं अजमावू नका, हातानं बघा. नख फारच जाड असेल तर 40 टक्के युरियाचं मलम पट्टीखाली ठेवून ते मऊ करता येतं, पण तुम्ही ते घरी न करता दवाखान्यात करून घ्या. जोडवी रात्री काढून बोट कोरडं करा. नेलकटर तुमचा वेगळा ठेवा. गमबूट उन्हात उलटे टाकत जा. बरं झालेलं नख चार-पाचांपैकी एकाचं तरी पुन्हा बिघडतं, आणि कोकणात त्याचं कारण बहुतेक वेळा पुढची लावणी असते.

एक युक्ती. उपचार सुरू कराल त्या दिवशी, चांगलं नख आणि पिवळं नख जिथे मिळतं, तिथे कानशीनं बारीक आडवी रेघ ओढून घ्या. रेघ पुढे सरकत गेली आणि पिवळं तिच्या मागे आलं नाही, तर औषध लागू पडलंय. पिवळं रेघ ओलांडून मुळाकडे आलं, तर बारा आठवडे पुरे व्हायची वाट न बघता या.

प्रश्न : मी 23 वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतोय. रोज पळतो. दोन्ही अंगठ्यांची नखं जाड झालीत, एक काळं पडलंय. मित्राच्या सांगण्यावरून बुरशीची लाख चार महिने लावली. फरक नाही. गोळ्या घेऊ का?

उत्तर : गोळ्या नको, आधी बूट आण. उभं राहून बूट घाल आणि सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहते का बघ. 1600 मीटर पळताना नख दर पावलाला बुटाच्या टोकावर आपटत असेल, तर दोन्ही पाय एकसारखे बिघडतात, आणि बुरशी अशी सारखी वाटणी सहसा करत नाही. तरी एकदा नमुना तपासून घे. काळं जे आहे ते बहुधा साकळलेलं रक्त असेल. त्याच्या मागच्या कडेवर रेघ ओढ आणि मोबाइलवर फोटो काढून ठेव. दोन महिन्यांत डाग रेघेबरोबर पुढे गेला तर रक्तच. पण काळी पट्टी मुळापासून टोकापर्यंत उभी असेल, रुंद होत असेल, किंवा काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरला असेल, तर भरतीची तारीख बघत बसू नकोस, याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरला दाखव. नखाखालचा कर्करोग क्वचित होतो, पण तो असाच दिसतो.