वाचक विचारतात: गांजाचा कायदा बदलायचा तर कुणाला गाठायचं?

प्रश्न: ताई नमस्कार, वाळवा तालुक्यातला आहे, थोडा ऊस आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान. महाशिवरात्रीला भांग प्यायली तर कोण काय म्हणत नाही आणि त्याच झाडाचा गांजा खिशात सापडला की केस, हे काय लॉजिक? मी स्टेटस ठेवलं तर मामा घरी येऊन झापून गेले. साध्या माणसानं काय केलं तर खरंच फरक पडेल?

उत्तर: दादा, स्टेटसनं मामा चिडतात, कायदा हलत नाही. लॉजिक म्हणाल तर १९८५च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलांचे शेंडे, नुसती पानं आणि बी त्यात धरलेलं नाही, म्हणून भांग सुटली.

आता कुणाकडे काय मागायचं ते बघा. ओढायचा गांजा मोकळा करायचा तर संसदेत कायदा बदलावा लागेल, म्हणजे खासदार, आणि ते काम लांबचं. पण याच झाडाची धागा आणि बियांसाठीची शेती त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये आत्ताच बसते, उत्तराखंडनं २०१८ पासून लायसन दिलीत (झाडात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, ०.३ टक्क्यांच्या आत पाहिजे), हिमाचलच्या विधानसभेनंही २०२४ मध्ये अशा लागवडीबद्दलच्या कमिटीचा रिपोर्ट मंजूर केला. तर आमदारांना एका पानाचं पत्र द्या, वर कलमाचा नंबर टाका, आणि एकच मागणी लिहा की धाग्याच्या लागवडीबद्दल राज्याचं धोरण काय हा प्रश्न अधिवेशनात विचारा. पीए हसेल, "गांजावाले का?" म्हणेल, हसू द्या, पण दुसऱ्या कॉपीवर पोचचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. सोबत ऊसवाले चार शेतकरी आणि एखादा अॅग्रीचा पदवीधर न्या, गांजाच्या पानाचा टीशर्ट घातलेला मित्र नको. २०२० मध्ये युनोत गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढायचं मतदान झालं, भारतानं बाजूनं मत दिलं, ही एक ओळ पत्रात घालाच.

आणि गावात आडवी बाटली करणाऱ्या बायका आहेत ना, त्यांच्याकडे जाऊन बसा. त्या विरोधच करतील आणि त्यांनी नवऱ्याची दारू भोगलीय, त्यामुळे त्यांचं ऐकून घेतल्याशिवाय ग्रामसभेत हा विषय काढू नका. माझं विचाराल तर धागा आणि औषधाला माझा पाठिंबा, कॉलेजच्या पोरांनी ओढायला नाही.

प्रश्न: जतकडे आमचं रान आहे, मुलगा म्हणतो उसात मधी चार झाडं लावून आंदोलन करू, बातमी तर होईल. — एक आई

उत्तर: काकू, बातमी होईल आणि पोरगं आत जाईल. बाळगायचा गांजा एक किलोपर्यंत असेल तर शिक्षा कमी आहे, पण झाड लावण्यात तशी काही सूट नाही, १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड, आणि सातबाऱ्यावर नाव तुमचं असलं तर पोलीस आधी तुमच्या दारात. २०२१ मध्ये मोहोळच्या एका शेतकऱ्यानं लागवडीची परवानगी कलेक्टरकडे लेखी मागितली होती, मिळाली नाही पण बातमी सगळीकडे झाली. पोराला अर्ज लिहायला बसवा.