शाळा म्हणते, सतरा नंबर भरा

"मॅडम, मुख्याध्यापिका म्हणाल्या दाखला काढून न्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. आता काय करू?"

वाचन-लेखनात अडणाऱ्या मुलांबरोबर मी काम करते. जानेवारी उजाडला की हा फोन मला येतोच. मूल नेहमी नववीत असतं. शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंत मुलाच्या पाठीशी असतो, तोवर त्याला शाळेतून काढता येत नाही. नववीत ते पांघरूण सरकतं आणि शाळेला पुढच्या वर्षीचा दहावीचा निकाल दिसायला लागतो. सतरा नंबर म्हणजे दहावीला बाहेरून बसणं. कामाला लागलेल्या, शाळा सुटून वर्षं झालेल्या माणसांसाठी ती फार चांगली सोय आहे. पण ज्या मुलाला वाचून दाखवायला रोज कुणीतरी लागतं, त्याला घरी बसवून 'आता तुझं तू कर' म्हणण्याला सोय कसं म्हणायचं?

एका वर्षी असा फोन केला होता बदलापूरच्या एका आईने. पोळ्या लाटायची कामं करते, नवऱ्याची रिक्षा आहे. मुलाला आपण ओंकार म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.

ओंकारची विज्ञानाची उत्तरपत्रिका तिने सोबत आणली होती. एकसर आणि समांतर जोडणीतला फरक लिहा, असा प्रश्न. खाली दीड ओळ. 'विद्युत'चं 'विधुत', 'घर'चं 'धर', काना-मात्रे पडतील तिथे. गुण शून्य. मी तोच प्रश्न तोंडी विचारला. तो म्हणाला, "ती गणपतीची जुनी माळ असते ना, एक बल्ब गेला की सगळी माळ बंद. घरात तसं नसतं. हॉलचा पंखा बंद पडला तर किचनची ट्यूब चालूच राहते. ती समांतर." मग घरातलं वायरिंग का तसं करतात, तेही सांगितलं. सुट्टीत मामाबरोबर फिटिंगच्या कामाला जायचा.

या मुलाला अभ्यास येत नव्हता असं कोण म्हणेल? पण दीड ओळ पाहून शिक्षकांनी तसं म्हटलं, यात त्यांचा तरी किती दोष? साठ मुलांच्या वर्गात तोंडी विचारायला कुणाला वेळ आहे!

वडिलांचं म्हणणं वेगळं होतं. "आयटीआयला वायरमनचा ट्रेड आठवीवर होतो. कशाला दहावीचा ताप?" मुद्दा चुकीचा नव्हता आणि मी तो उडवून लावला नाही. पण ओंकारला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. त्याला दहावी लागते, तीही गणित-विज्ञान घेऊन. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

आधी तपासण्या. डोळे, कान, मग बुद्ध्यांकाची चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताची. सरकारी रुग्णालयात तारीख मिळायला महिने गेले. चार खेपा, म्हणजे वडिलांची चार दिवसांची रिक्षा बंद. निष्कर्ष अपेक्षित होता : बुद्ध्यांक उत्तम, वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता, म्हणजे डोकं चालतं पण अक्षरं वाचता-लिहिता येताना अडतं. प्रमाणपत्रावर 'दिव्यांग' शब्द पाहून वडील उठूनच गेले. "माझा पोरगा धडधाकट आहे." त्यांना मी समजूत घालणारं काही बोलले नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात हा एक आहे, आणि हा कागद नसेल तर बोर्ड परीक्षेत सवलत देत नाही, एवढंच सांगितलं. आठवड्याने ते स्वतः झेरॉक्स काढून घेऊन आले.

मुख्याध्यापिकाबाईंना भेटायला मी त्या कागदासह गेले. बाई वाईट नव्हत्या, निकालाच्या धाकात होत्या. असं कधी हाताळलंच नव्हतं त्यांच्या शाळेने. सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो (आमचं वाशीला), आणि तो वेळेत पाठवायचा असतो, हे कळल्यावर वर्गशिक्षिकेनेच फाइल अंगावर घेतली. दाखल्याचा विषय तिथेच संपला.

कोणती सवलत घ्यायची, यावर मात्र आमच्या दोन बैठका झाल्या. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेता येतं. आई लगेच तयार. ओंकारही. मी अडवलं. ते घेतलं की इलेक्ट्रिशियनच्या प्रवेशाला अडचण येऊ शकते, मग दहावीचा हा खटाटोप कशासाठी? पालकांना मी नेहमी सांगते, सवलतींची यादी म्हणजे लग्नाचं ताट नाही, सगळं वाढून घ्यायला. आम्ही गणित ठेवलं, कॅल्क्युलेटर मागितला. तासाला वीस मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक, म्हणजे प्रश्न वाचून दाखवणारा आणि सांगितलेलं उत्तर लिहिणारा, मागितला. एक भाषा सोडून त्या जागी कार्यशिक्षणाचा विषय घेतला. मुक्त विद्यालयाचाही विचार झाला. तिथे पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत जाता येतो. पण ओंकारचे मित्र या शाळेत होते आणि त्याला तिथेच राहायचं होतं.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, आपलं काम झालं. इथे मी चुकले.

सहामाहीत शाळेने सरावासाठी लेखनिक दिला आणि ओंकारला आधीपेक्षा कमी गुण पडले. मी चक्रावले. मग दोघांना माझ्यासमोर बसवून एक पेपर सोडवायला लावला. लेखनिक नियमाप्रमाणे एक इयत्ता खालचा, नववीतला, योगायोगाने ओंकारच्याच गल्लीतला. तो प्रश्न एकदा वाचायचा. ओंकारला कळायचा नाही, पण 'परत वाच' म्हणायची लाज वाटायची. उत्तर एका दमात बोलून टाकायचा, त्यातलं अर्धं कागदावर यायचं. भूमितीत तर "एक रेघ मार. अशी नाही रे, तिकडे!" आणि लेखनिकाने तर सांगितलं तेवढंच काढायचं. लेखनिक मिळाला होता, लेखनिकाला सांगता येत नव्हतं. हातात कुबड्या दिल्या आणि चालायला शिकवलंच नाही, असा प्रकार.

दिवाळीनंतर आठवड्यातून तीन संध्याकाळी फक्त हेच केलं. प्रश्न कळो वा न कळो, दोनदा वाचायचा हा नियमच ठेवला, म्हणजे मागायची लाज उरली नाही. उत्तर सांगण्याआधी बोटांवर मुद्दे मोजायचे. एक वाक्य, थांबायचं, लेखनिकाने मान हलवली की पुढचं. आकृतीत आधी बिंदूंना नावं द्यायची, मग "ए पासून बी पर्यंत, पाच सेंटिमीटर". अपूर्णांक सांगताना "वर तीन, रेघ, खाली सात". आईला मी दुसरा क्लास लावू दिला नाही. ती तेवढ्यापुरती माझ्यावर रुसली.

आणखी एक गोष्ट पूर्वपरीक्षेत दिसली. तीन तासांची घंटा झाली, सगळे उठले, तसा ओंकारही उठला. त्याचा जादा तास शिल्लक होता. रिकाम्या वर्गात एकट्याने बसणं त्याला पेलत नव्हतं, बाहेर मित्र "काय रे, काय आलं?" करत उभे. मग पुढच्या दोन सराव पेपरांना वर्गशिक्षिका मुद्दाम शेवटच्या तासाला त्याच्याजवळ वह्या तपासत बसली. मित्रांना तिने काय सांगितलं कोण जाणे, मार्चमध्ये ते फाटकाबाहेर वडापाव घेऊन थांबायचे.

निकाल लागला. विज्ञानात चांगले गुण, प्रात्यक्षिकात तर वर्गात वरचे. गणित काठावर सुटलं. इंग्रजी राहिलं. आई फोनवर रडत होती, "सगळं करून शेवटी नापासच ना?" मी म्हटलं, "ताई, पुरवणी परीक्षा आहे. फॉर्म कधी भरायचा ते आजच शाळेत विचारून या." ओंकारला मी त्या दिवशी काहीच म्हटलं नाही. तो मामाबरोबर कामाला गेला होता.

पुरवणीला इंग्रजी निघालं. इलेक्ट्रिशियनच्या सुरुवातीच्या फेऱ्या तोवर होऊन गेल्या होत्या, त्या वर्षी जागा मिळाली नाही. वर्षभर तो मामाकडे राहिला आणि पुढच्या वर्षी त्याने पुन्हा अर्ज भरला. आता तो आयटीआयला इलेक्ट्रिशियनच शिकतो आहे. तिथली लेखी परीक्षाही त्याला जड जाते, त्यासाठी आम्ही पुन्हा कागद जमवतोय. या प्रमाणपत्राची फेरतपासणी अठराव्या वर्षी लागते, तीही तोंडावर आली आहे.

गेल्या महिन्यात त्याची आई आली होती. मला वाटलं, फेरतपासणीबद्दल विचारायचं असेल. तिने पिशवीतून एक वही काढली, धाकट्या मुलीची. तिसरीतली. 'घर'चं 'धर', काना-मात्रे पडतील तिथे.

"तपासणीसाठी आठ वर्षं पूर्ण झाली का तिला?" मी विचारलं.

"गेल्या महिन्यात," ती म्हणाली. "तारीख कुठल्या खिडकीवर मिळते, ते मला माहितीये. तुम्ही फक्त चिठ्ठी द्या."