वाचकांचे प्रश्न : जॉइस वेदरेड यांनी स्पर्धा का सोडल्या?

प्रश्न : बॉबी जोन्स या विख्यात अमेरिकी गोल्फपटूविषयीच्या एका लेखात जॉइस वेदरेड या इंग्रज खेळाडूचा ओझरता उल्लेख आला. त्यांच्यासमोर आपण अगदीच कमी पडलो, असे खुद्द जोन्स यांनी म्हटले होते म्हणे. त्या हौशी खेळाडू होत्या आणि ऐन बहरात त्यांनी स्पर्धा सोडल्या, एवढेच त्या लेखात होते. ज्या खेळावर इतके प्रेम, तो त्यांनी का सोडला आणि पुढे त्यांचे काय झाले? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : जॉइस वेदरेड यांनी गोल्फ सोडला नाही, सोडल्या त्या अजिंक्यपदाच्या स्पर्धा. त्यांच्या लेखी या दोन गोष्टींत मोठे अंतर होते आणि ते ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या आयुष्याचा उलगडा होत नाही.

त्यांचा जन्म १९०१ साली इंग्लंडमधील सरे परगण्यात एका सुखवस्तू घरात झाला. प्रकृती नाजूक असल्यामुळे त्यांचे शिक्षण घरीच झाले. उन्हाळ्यात हे कुटुंब स्कॉटलंडच्या उत्तरेला डॉर्नॉक येथे राहायला जाई आणि तेथील समुद्रकाठच्या मैदानावर थोरला भाऊ रॉजर याच्या बरोबरीने खेळता खेळता जॉइस यांचा हात बसला. रीतसर शिकवणी जवळजवळ नव्हतीच. या घरात खेळाकडे पाहण्याची दृष्टी कशी होती, हे रॉजर यांच्या एका प्रसंगावरून कळते. १९२१ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत त्यांनी जॉक हचिसन यांच्याशी बरोबरी साधली. मात्र क्रिकेटचा एक सामना खेळायचा असल्याने निर्णायक फेरीसाठी थांबण्यास ते नाखूश होते, असे सांगतात. अखेर ते थांबले आणि हरले.

जॉइस यांचे नाव सर्वप्रथम गाजले ते १९२० साली, नॉरफोक किनाऱ्यावरील शेरिंगहॅम येथील इंग्लिश महिला अजिंक्यपद स्पर्धेत. त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या आणि एका मैत्रिणीला सोबत म्हणून गेल्या असताना त्यांनी आपलेही नाव घातले होते. अंतिम सामन्यात गाठ पडली ती सेसिल लीच यांच्याशी, म्हणजे त्या काळी जिला हरवणे अशक्यप्राय मानले जाई अशा खेळाडूशी. या प्रकारात एकूण फटक्यांचा हिशेब नसतो. प्रत्येक होल, म्हणजे चेंडू खड्ड्यात घालेपर्यंतचा टप्पा, स्वतंत्रपणे जिंकला किंवा गमावला जातो. छत्तीस होलांच्या त्या सामन्यात दुसऱ्या फेरीच्या आरंभी जॉइस सहा होलांनी मागे होत्या, तरीही सामना त्यांनीच जिंकला. निर्णायक पट (चेंडू खड्ड्याकडे हलकेच लोटण्याचा फटका) मारताना मैदानाला लागून असलेल्या रुळांवरून आगगाडी धडधडत गेली. गाडीने विचलित कशा झाला नाहीत, असे नंतर कोणी विचारताच त्यांनी ‘कोणती गाडी?’ असा उलट प्रश्न केला. ही कथा पुढे इतकी घासूनपुसून सांगितली गेली की तिचे तपशील बदलत राहिले. परंतु तिच्यातून दिसणारी एकाग्रता मात्र त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनीही मान्य केलेली आहे.

तेव्हापासून, १९२० ते १९२४ अशी सलग पाच वर्षे ही स्पर्धा त्यांनीच जिंकली. ब्रिटिश महिला अजिंक्यपदही १९२२, १९२४ आणि १९२५ साली त्यांच्याकडे आले. यांपैकी शेवटचा विजय ट्रून येथे पुन्हा लीच यांच्याविरुद्ध मिळाला आणि तोही छत्तीस होलांनंतर बरोबरी झाल्यामुळे खेळवलेल्या सदतिसाव्या होलवर. त्यानंतर त्या बाजूला झाल्या. बाहेरून शांत दिसणाऱ्या या बाईंना स्पर्धेचा ताण मनातून फार जाणवत असे आणि प्रसिद्धीचा तर त्यांना मनस्वी कंटाळा होता. चांगला फटका साधण्यातला आनंद त्यांना हवा होता. त्यासाठी गर्दीची गरज नव्हती. वयाची पंचविशीही न गाठलेल्या खेळाडूने असा निर्णय घ्यावा, याचे आजही नवल वाटते. मधल्या काळात त्या खेळत होत्याच. वर्पल्सडनच्या मिश्र दुहेरी स्पर्धेत तर मागचीपुढची वर्षे धरून त्यांनी एकूण आठ वेळा विजेतेपद मिळवले.

१९२९ मध्ये मात्र त्या परतल्या आणि त्याला कारण होते स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज. गोल्फच्या या माहेरघरी, ‘ओल्ड कोर्स’ या मैदानावर ब्रिटिश महिला अजिंक्यपदाचे सामने होणार म्हटल्यावर त्यांना राहवले नाही. अंतिम फेरीत समोर अमेरिकेच्या ग्लेना कॉलेट होत्या. कॉलेट यांनी पहिले नऊ होल चौतीस फटक्यांत संपवले आणि अकरा होलांनंतर त्या पाचने पुढे होत्या. बाराव्या होलवर त्यांचा एक छोटा पट हुकला आणि तेथून सामन्याचे पारडे हळूहळू झुकू लागले. दुपारच्या सत्रात जॉइस यांनी पिछाडी भरून काढली, आघाडी घेतली, कॉलेट यांनी ती पुन्हा कमी करत आणली आणि शेवटी सतराव्या, ‘रोड होल’ या कुप्रसिद्ध होलवर जॉइस यांनी सामना संपवला. तीन होलांची आघाडी असताना एकच होल उरला होता. आपल्याकडे खेळातील पुनरागमनाचे कौतुक करताना जिद्द, झुंज असे शब्द हटकून येतात. येथे मात्र मला महत्त्वाचे वाटते ते हे की पाच होल मागे असतानाही त्यांनी आपली खेळण्याची लय बदलली नाही. ज्या गावात हा सामना झाला, तेथील रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सदस्यत्व देण्याचा निर्णय घेतला तो २०१४ साली, हेही नमूद करायला हवे.

जोन्स यांच्या उद्गारांचा संबंध याच मैदानाशी आहे. १९३० साली ते आणि जॉइस ओल्ड कोर्सवर एक मैत्रीपूर्ण फेरी खेळले. वारा जोरात होता आणि जॉइस पुरुषांच्या मागच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या अधिक लांबच्या जागेवरून, खेळत होत्या. त्या फेरीत त्यांचा एकही फटका चुकला नाही, अर्धवटसुद्धा चुकला नाही, आणि स्त्री असो वा पुरुष, कोणासमोरही आपण इतके कमी पडल्याचे जाणवले नव्हते, अशा आशयाचे जोन्स यांनी लिहिले. त्याच वर्षी चारही मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्या खेळाडूचे हे मत असल्यामुळे त्याला सौजन्यापोटीची स्तुती म्हणता येत नाही.

आता हौशीपणाविषयी. खेळातून पैसा मिळवायचा नाही हा नियम ऐकायला उदात्त वाटतो; पण ज्यांच्या घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती त्यांनाच तो सहज पाळता येई. मंदीच्या काळात कुटुंबाची आर्थिक स्थिती खालावली, तेव्हा जॉइस यांनी लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या दुकानात गोल्फविभागात नोकरी धरली आणि तेवढ्यावरून त्यांचे हौशी खेळाडूचे स्थान गेले. बक्षिसाच्या रकमेसाठी त्या खेळल्या नव्हत्या, कोणाला फसवले नव्हते. दुकानात गिऱ्हाइकांना सल्ला देणे हाच काय तो दोष. मग १९३५ साली त्यांनी अमेरिकेत मानधन घेऊन प्रदर्शनीय सामन्यांचा दौरा केला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना हे स्थान परत मिळाले. खेळावरील निष्ठा अशा नियमाने मोजू नये, एवढे तरी त्यांच्या उदाहरणावरून म्हणता येते.

१९३७ मध्ये त्यांचा विवाह सर जॉन हीथकोट-एमरी यांच्याशी झाला आणि त्या डेव्हन परगण्यातील टिव्हर्टनजवळच्या नाइट्सहेज या वाड्यात राहायला गेल्या. महायुद्धानंतर पतिपत्नींनी वाड्यालगतच्या रानात झाडाझुडपांमधून सावलीतल्या रोपांची एक बाग उभी केली. आयुष्याचा मोठा भाग या बागेने घेतला आणि तिच्यासाठी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने जॉइस यांना व्हिक्टोरिया सन्मानपदक दिले. हे पदक एका वेळी केवळ ६३ हयात व्यक्तींकडे असू शकते. १९७२ साली सर जॉन वारले, त्यानंतर ही वास्तू आणि बाग नॅशनल ट्रस्टकडे गेली. आज कोणालाही ती पाहता येते. १९७५ मध्ये जागतिक गोल्फ कीर्तिदालनात त्यांचा समावेश झाला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

प्रश्न : आजच्या व्यावसायिक महिला गोल्फपटूंशी त्यांची तुलना करता येईल का? (याच वाचिकेचा दुसरा प्रश्न)

उत्तर : आकड्यांनी करता येणार नाही. त्यांचे सर्व मोठे विजय हिकरी लाकडाचे दांडे असलेल्या गोल्फच्या काठ्यांनी मिळवलेले आहेत. पोलादी दांड्यांना सेंट अँड्र्यूजच्या नियमकर्त्यांनी मान्यता दिली ती १९२९ च्या अखेरीस. लाकडी दांडा फटक्याच्या वेळी पिळवटतो, त्यामुळे घाईने मारलेला फटका हमखास वाकडा जातो. संथपणे, तोल सांभाळून काठी फिरवणे ही त्या साधनांची गरजच होती आणि त्या गरजेत जॉइस यांच्याइतके पारंगत फार थोडे झाले.